शाळेतलं जेवण बंद करू का?

"मॅडम, उद्यापासून हिचं शाळेतलं जेवण बंद. ते खाऊनच अशी सुटत चाललीय." नऊ वर्षांच्या मुलीची आई आल्या आल्या म्हणाली. मुलगी मान खाली घालून बसली होती. हातावर पोट असलेल्या घरांतून ही शंका माझ्याकडे वारंवार येते.

मी तिच्या दिवसाबद्दल विचारलं. सकाळी उपाशीपोटीच शाळा. दुपारी शाळेतलं ताजं जेवण. चारला घरी, तेव्हा घराला कुलूप. आईवडील मजुरीवरून परतेपर्यंत सात वाजायचे. या तीन तासांत गोड पेयाची बाटली, दोन खारी पाकिटं आणि मोबाइल. "एकटीनं चूल पेटवू नये म्हणून पैसे ठेवते हो," म्हणताना आईचा आवाज भरून आला. तिची काळजी खरीच होती. म्हणून मी दोष दिला नाही, हिशेब मांडला: 300 मिलिलिटर गोड पेयात साधारण 30 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी. या वयात ती मर्यादा 40 ग्रॅमच्या आसपास येते.

"ताई, दुपारचं जेवण तोडलंत तर चार वाजता ती दुप्पट भुकेनं पाकिटं फोडेल. दिवसातलं तेवढंच तर धड जेवण आहे!"

मग मुलगी हळूच बोलली. शाळेत वजन केलं, तेव्हा आकडा वर्गासमोर मोठ्यानं वाचला गेला होता. तेव्हापासून ती खेळायला उतरत नव्हती. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. मी मुख्याध्यापकांना भेटले: वजन-उंची आडोशाला घ्या, पुन्हा वाढताना आधी भाजी वाढा, बक्षीस म्हणून गोड देऊ नका, रोज तासभर सगळ्यांनाच मैदानावर सोडा. त्यांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण.

घरी एवढंच ठरलं: सकाळी थोडं खाऊन निघायचं, चारसाठी आईनं डबा झाकून ठेवायचा, बाटली आणायची नाही. वजन उतरवायचं नव्हतंच. वाढत्या वयात वजन जागेवर राहिलं आणि उंची वाढली, तरी पुष्कळ.

सहा महिन्यांनी वजन जवळपास तेवढंच होतं, उंची तीन सेंटिमीटरनं वाढली होती. गुडघा खरचटलेला. "लंगडी खेळताना पडले," तिनं मान वर करून सांगितलं.