वाचक विचारतात : मॉरिशस की श्रीलंका?

प्रश्न : मानव विकास निर्देशांकात (२०२३ ची आकडेवारी) मॉरिशस ०.८०६ वर आहे आणि श्रीलंका ०.७७६ वर. फरक अवघा ०.०३. पण मॉरिशसचे दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या जवळपास तिप्पट असल्याचे वाचले. मग खरे काय मानायचे? (एक वाचक, सांगली)

दोन्ही खरे. तिप्पट हा हिशेब चालू विनिमयदराने डॉलरमध्ये केलेला असतो. निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न अशा तीन भागांचा असतो; त्यात मात्र क्रयशक्तीवर, म्हणजे तेवढ्या पैशात तिथे किती वस्तू येतात यावर, बेतलेले उत्पन्न धरतात. श्रीलंकेत भात, नारळ, घरभाडे, केस कापणे हे सगळे डॉलरच्या हिशेबाने स्वस्त पडते, म्हणून क्रयशक्तीत ती तफावत दुपटीच्या आसपास येते.

पुढची मेख लॉगॅरिदमची. निर्देशांकात उत्पन्न जसेच्या तसे घालत नाहीत. १०० डॉलर ही खालची आणि ७५,००० डॉलर ही वरची मर्यादा धरून त्यांच्यामधले स्थान लॉगॅरिदमने काढतात, म्हणजे उत्पन्न दर वेळी दुप्पट झाले की गुण सारखेच वाढतात. १४,००० डॉलरला ०.७४६ गुण मिळतात, २८,००० ला ०.८५१. पैसा दुप्पट झाला, गुण वाढले ०.१०५. आयुर्मानाची पट्टी २० ते ८५ वर्षांची आहे, म्हणजे एका वर्षाला ०.०१५ गुण. थोडक्यात, दुप्पट उत्पन्नाची किंमत सुमारे सात वर्षांच्या आयुष्याएवढी. शिक्षणाचा तिसरा भाग मिळवून तिन्हींचा भूमितीय मध्य (गुणाकाराचे घनमूळ) घेतात. श्रीलंका उत्पन्नात मार खाते आणि आयुर्मानात थोडी भरपाई करते, म्हणून अंतर इतके कमी दिसते. एकूण आकडा बाजूला ठेवून तिन्ही भाग वेगवेगळे पाहावेत, असे आमचे मत. नाहीतर ०.८०० ओलांडल्यामुळे मॉरिशस ‘अति उच्च’ गटात आणि श्रीलंका ‘उच्च’ गटात, एवढेच हाती लागते.

प्रश्न : गरीब देशातली माणसे जास्त जगतात हे कसे? (एक वाचिका, सातारा)

श्रीलंकेचे आयुर्मान ७७ च्या आसपास आहे, मॉरिशसचे ७५ च्या. बालमृत्यूचा फरक याहून बोलका. श्रीलंकेत हजार जन्मांमागे सहाच्या आसपास, मॉरिशसमध्ये त्याच्या दुपटीच्या घरात.

याची मुळे जुनी आहेत. १९२६ मध्ये श्रीलंकेतल्या कळुतरा इथे पहिले आरोग्य केंद्र सुरू झाले आणि त्याच नमुन्यावर देशभर जाळे विणले गेले. त्या जाळ्याचा खरा आधार म्हणजे सार्वजनिक आरोग्य सुईण. साधारण तीन ते पाच हजार वस्ती एकीच्या वाट्याला असते. नवी जोडपी ती नोंदवून ठेवते, गरोदर बाईच्या घरी जाते, बाळंतपणानंतरही जाते आणि मुलाच्या वजनाचा आलेख कार्डावर भरते. दवाखाना मोफत असतो, पण ‘या आठवड्यात तू आली नाहीस’ हे विचारायला कोणीतरी दारात येते, त्याने फरक पडतो. शिक्षण १९४५ पासून मोफत, त्यामुळे कार्ड वाचणारी आई घरात असते.

मॉरिशसमध्येही सरकारी रुग्णालय मोफत आहे. तिथे घात होतो तो पुढे, चाळिशी-पन्नाशीत. प्रौढांपैकी पाचातल्या एकाला मधुमेह आहे. पांढरा पाव, तळलेले नूडल्स, दालपुरी आणि बसून काम. सरकारने १९८७ मध्ये खाद्यतेलात पामतेलाऐवजी सोयाबीन तेल आणले आणि पाच वर्षांत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे सुमारे ०.८ मिलिमोलने उतरले. एका निर्णयाने एवढा बदल क्वचितच होतो. मधुमेह मात्र तेल बदलून हलला नाही.

प्रश्न : मुलीला कोलंबो आणि एबेन (मॉरिशस) अशा दोन ठिकाणी नोकरी मिळते आहे. पगार कसे ताडून पाहायचे? (एक वाचक, पुणे)

दोन्ही पगार भारतीय रुपयांत गुणून पाहू नका. बहुतेक जण इथेच चुकतात. त्या त्या देशाच्या चलनात महिन्याचा खर्च मांडा आणि शिल्लक राहील तेवढीच भारतीय रुपयांत बदला. घरी ती शिल्लकच येणार आहे.

कपाती पाहा. श्रीलंकेत भविष्यनिर्वाह निधीत पगारातून ८ टक्के जातात, मालक १२ टक्के भरतो आणि वेगळ्या विश्वस्त निधीत आणखी ३. मॉरिशसमध्ये सामाजिक वर्गणी ५०,००० मॉरिशस रुपयांपर्यंतच्या पगारावर १.५ टक्के, पगार त्याहून जास्त असेल तर ३. तिथे बहुतेक कर्मचाऱ्यांना वर्षाअखेरीस एक जादा पगारही मिळतो, तो बारा महिन्यांत वाटून मोजा.

गाडीचा खर्च वेगळा लिहा. श्रीलंकेने मार्च २०२० मध्ये वाहन आयात थांबवली, खासगी गाड्यांची आयात २०२५ मध्ये जड करांसह उघडली. जुन्या गाडीलाही अजून चढा भाव आहे. एबेनला मेट्रो सोयीची आहे; पोर्ट लुई ते क्युरपिप या मुख्य मार्गावरच्या रोझ हिलहून तिचा फाटा तिथे जातो. मॉरिशस बहुतेक अन्न बाहेरून आणतो, म्हणून भाजी-दुधाच्या किमती ऐकून दचकू नका, पण त्या गृहीत धरा. घर पाहताना गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना, हे जरूर विचारा. कोरड्या महिन्यांत पाणी ठराविक वेळीच येते.

श्रीलंकेबद्दल एक इशारा. ‘महागाई उतरली’ म्हणजे भाव उतरले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोची महागाई सुमारे ७० टक्के होती, वर्षभराने १.३. म्हणजे १०० ची वस्तू १७० झाली आणि मग १७२. २०२१ चे खर्चाचे आकडे कोणी दाखवले, तर ते बाजूला ठेवा.

प्रश्न : मॉरिशसमध्ये मुलांना मराठी शिकता येते का? (एक वाचिका, रत्नागिरी)

हो. सरकारी प्राथमिक शाळांत मराठी ऐच्छिक विषय आहे, पुढे मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत वरचे शिक्षण आहे. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मात्र खेळाच्या मैदानात मुले क्रिओल (तिथली रोजची बोली) हीच बोलणार आणि वर्गात इंग्रजी-फ्रेंच. नवीन मुलाला पहिले वर्ष जड जाते ते फ्रेंचमुळे, तेव्हा जाण्याआधीच शिकवणी लावा.