‘अंदाज’ आणि गोलंदाज

प्रश्न असा: विमानतळांसाठी संगणक जुन्या आकडेवारीवरून हवामानाचा जो कच्चा अंदाज काढून देतो, त्या ‘गायडन्स’ला मराठीत ‘सांख्यिकी मार्गदर्शन’ म्हणावे की ‘भाकीत’?

मार्गदर्शन नकोच. पुण्यात ते दहावीच्या निकालानंतर मंगल कार्यालयात मिळते. भाकीत पोपटवाल्या ज्योतिषाकडे राहू द्या. मूळ शब्द सरळ ‘अंदाज’ ठेवा, आणि कृपा करून त्यावर ‘म्हणजे अंदाजपंचेच ना!’ हा विनोद नको. पुण्यात हवामान खात्याच्या दाराशी, सिमला ऑफिसच्या चौकात, अवेळी चार थेंब पडले की तो ऐकावा लागतो.

अंदाज हा मोजमापाचा शब्द आहे. फारसीत ‘अंदाझा’ म्हणजे माप. तेच अरबीत जाऊन ‘हंदसा’ झाले, म्हणजे भूमिती, त्यावरून ‘मुहंदिस’. आखातात नोकरी केलेल्या इंजिनिअरला विचारा, तिथे त्याला हेच म्हणतात. खरी गंमत पुढेच आहे. ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे, त्यातून आपले तीरंदाज आणि गोलंदाज. हा गोलंदाज मुळात तोफेचा, चेंडूचा फार नंतरचा. मापाचा अंदाज आणि फेकीचा अंदाज वेगळे मानणारे पंडित आहेत; मला ते अजिबात पटत नाही. अंतर मापल्याशिवाय गोळा टाकतो कोण? आणि दहा गोळे टाकले तरी ते एका जागी पडत नाहीत, निशाणाभोवती विखुरतात. आकडेवारीचा अंदाज हुबेहूब असाच. ग्लान आणि लोरी या हवामानतज्ज्ञांची १९७२ची पद्धत घ्या: संगणकाच्या मॉडेलने आधी काय सांगितले आणि त्या जागी प्रत्यक्षात काय घडले, यांची समीकरणात सांगड घालायची. तोफ नेहमी डावीकडे मारत असेल तर नेम तेवढा उजवीकडे. विमानतळासाठी निघणाऱ्या हवामानाच्या अंदाजात, म्हणजे ‘टॅफ’मध्ये, तर हे विखुरणे आकड्यातच लिहितात: ‘प्रॉब ३०’ किंवा ‘प्रॉब ४०’, म्हणजे शक्यता ३० किंवा ४० टक्के. शक्यता ३०च्या खाली असेल तर लिहीतच नाहीत. आता पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पहाटेच्या धुक्यासाठी ‘प्रॉब ३०’ दिले आणि धुके पडलेच नाही, तर अंदाज चुकला कुठे?

राजभाषावाले हिंदीतून ‘पूर्वानुमान’ आणतात. अनुमान म्हणजे धुरावरून अग्नी ठरवणे. तिथे ३० टक्के अग्नी चालत नाही. ढग दाटले म्हणून पाऊस पडणार, हे उदाहरण न्यायसूत्रांच्या भाष्यात आहे खरे, पण भाष्यकारांना त्यावर विमान उतरवायचे नव्हते.

हां, ‘गायडन्स’ राहिलेच. त्याला ‘आधार-अंदाज’ म्हणा. संगणकाचा आकडा नुसता हाताशी असतो, टॅफ काढतो तो ड्यूटीवरचा हवामानतज्ज्ञ.