गोळी सुपरकंडक्टर झाली, मग ५ मायक्रोव्होल्ट कुठनं आले?

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही लॅबमध्ये वायबीसीओची (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, गार केल्यावर सुपरकंडक्टर होणारं, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणारं) गोळी बनवली. चार तारा लावून रेझिस्टन्स मोजला तर ९० केल्विनच्या जरा खाली झिरो झाला, सगळे खूश. पण थर्मो ईएमएफ (दोन टोकांच्या टेंपरेचरच्या फरकामुळं तयार होणारं व्होल्टेज) काही झिरो होईना, एक टोक ८० केल्विनला, दुसरं ८४ ला, आणि मीटरवर ५ मायक्रोव्होल्ट कायम. तारा तांब्याच्या आहेत. पुस्तकात तर शून्य दिलंय, मग आमची गोळी अर्धवट झालीय का? आणि व्होल्टेज नाही म्हणजे उष्णतापण वाहत नाही का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कागल

उत्तर : गोळी चांगली झालीय, काळजी करू नकोस. ते ५ मायक्रोव्होल्ट गोळीचे नाहीतच, तुझ्या तारांचे आहेत.

शिरोलीच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडात थर्मोकपल बुडवतात ते बघितलं असशील, तिथं कायम दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा लागतात, कारण मीटरला दिसतो तो दोघांमधला फरक. तुझ्याकडं एक गोळी आणि दुसरं तांबं. ८० केल्विनच्या आसपास तांब्याचं स्वतःचं डिग्रीमागं एक-सव्वा मायक्रोव्होल्ट असतंय, ४ डिग्रीचा फरक धर, ५ च्या जवळ आलंच की! म्हणजे गोळीचा वाटा शून्य आणि तू मोजलास तो निव्वळ तांब्याचा थर्मो ईएमएफ. हे छोटं काम नाही हं, एरवी फरकच दिसतो, एकट्या धातूचा आकडा मिळत नाही, त्याला शून्यवाला जोडीदार लागतो. १९८६ ला झुरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्युलर ह्या शास्त्रज्ञांना नवे कॉपर ऑक्साइड सुपरकंडक्टर सापडले, त्याआधीचे सुपरकंडक्टर २३ केल्विनच्या वर जातच नव्हते, त्यामुळं असा शून्यावर बसलेला जोडीदार तेवढ्याच टेंपरेचरपर्यंत मिळायचा. वायबीसीओमुळं तो ९० केल्विनपर्यंत मिळाला, फक्त दोन्ही टोकं त्याच्या खाली पाहिजेत, ती तुझी आहेतच.

आता शून्य का, तर सुपरकंडक्टरच्या आत व्होल्टेज टिकूच शकत नाही, टिकलं तर इलेक्ट्रॉनच्या जोड्या अडथळ्याविना वेग घेतच राहतील. गरम टोकाकडनं काही सुट्टे (जोडी न झालेले) इलेक्ट्रॉन गार टोकाकडं जातात, पण जोड्या तेवढाच करंट उलटा आणून हिशोब मिटवतात. उष्णता मात्र वाहते, अणूंच्या जाळीच्या कंपनांवरनं. उलट वायबीसीओत सुपरकंडक्टर झाल्यावर ती आधीपेक्षा जास्त वाहायला लागते.

रेझिस्टन्सच्या झिरोबद्दल मात्र एक विचारतो, करंट उलटा करून मोजलंस का? तारांच्या सांध्यांवर हेच थर्मो ईएमएफ घुसतं आणि खोटा रेझिस्टन्स दाखवतं, किंवा खरा असलेला झाकतं. सरळ आणि उलटा असे दोन्ही आकडे घे, एकातनं दुसरा वजा कर, निम्मं कर, सांध्यांचा वाटा निघून जातो. आणि मीटरला कमीत कमी १० नॅनोव्होल्ट दिसत असतील, करंट १०० मिलिअँपिअर असेल, तर ०.१ मायक्रोओमच्या खालचं काही तुला कळणार नाही, वहीत झिरोऐवजी तेच लिही.

मला सगळ्यात मनापासनं सांगायचंय ते पुढचं. पोरं गोळी गार करायचा द्रव नायट्रोजन कधी येतोय ह्याची वाट बघत बसतात (गावाकडं जनावरांच्या रेतनासाठी जो कंटेनर येतो ना, त्यातला हाच, ७७ केल्विनचा) आणि रूम टेंपरेचरचं थर्मो ईएमएफ कुणी मोजतच नाही! एक टोक चार-पाच डिग्री गरम करायचं, बास. तांब्याचा वाटा (तिथं पावणेदोन-दोनच्या आसपास) हिशोबात धरून गोळीचा आकडा शून्याच्या जवळपास आला तर गोळीत ऑक्सिजन नीट भरलाय, डिग्रीमागं पॉझिटिव्ह पंचवीस-तीस मायक्रोव्होल्ट आला तर कमी पडलाय, परत साधारण ४५० डिग्री सेल्सिअसला ऑक्सिजनच्या प्रवाहात ठेवून सावकाश गार करायची. ह्याला गोळीची लांबी-जाडी लागत नाही आणि बारीक भेगांनी रेझिस्टन्स जसा बिघडतो तसा हा आकडा बिघडत नाही.

नायट्रोजनमधनं काढल्यावर गोळीवर पाणी धरतं, वायबीसीओला ते सोसत नाही, त्यात आपल्याकडचा पाऊस, म्हणून लगेच वाळवून सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेव. आणि खात्रीच करायची असेल तर तांब्याच्या जागी क्रोमेलच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) तारा लावून तेच परत मोज, आकडा बदलून क्रोमेलचा आला की गोळीवरचा संशय संपला. दोन्ही आकडे कळव.