फुटबॉल क्लबचे यश कोणाच्या हातात : मालकाच्या की व्यवस्थापनाच्या?

प्रश्न : माझा मुलगा नाशिकमध्ये बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो शाळेपासून फुटबॉल खेळतो, जिल्हा पातळीपर्यंत खेळला आहे. मात्र आपण व्यावसायिक खेळाडू होणार नाही, हे त्याला आता कळले आहे. त्याला फुटबॉल क्लबच्या व्यवस्थापनात काम करायचे आहे आणि त्यासाठी याच वर्षी शिक्षण सोडून, कर्ज काढून मुंबईतील एका खासगी अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, असा त्याचा आग्रह आहे. मी अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मला वाटते, क्लब जिंकतात ते मालकाच्या पैशावर. तिथे पगारी माणसाचा वाटा तो किती? आणि मालकाने उद्या हात काढून घेतला, तर मुलाने काय करायचे?
— एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मुलाची आवड मोडीत न काढता आपण थेट मालकीचा मुद्दा उपस्थित केलात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. क्रीडा व्यवस्थापनाकडे वळू पाहणारी मुले आपल्या आवडत्या क्लबचा प्रशिक्षक कोण, गोल कोणी केले, हे झोपेतही सांगतात. पण तो क्लब कोणाच्या मालकीचा आहे आणि त्याच्यावर कर्ज किती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नोकरी टिकते किंवा जाते ती मात्र त्याच गोष्टींवरून.

पैशाचा वाटा मोठा आहे, हे आधी मान्य करायला हवे. इंग्लंडमधील क्लबांच्या हिशेबांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी दाखवून दिले आहे की, एखादा क्लब इतरांच्या तुलनेत खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करतो, यावरून अनेक हंगामांच्या सरासरीत तो गुणतक्त्यात कुठे असेल, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. २००३ मध्ये चेल्सी आणि २००८ मध्ये मॅन्चेस्टर सिटी या क्लबांना अतिश्रीमंत मालक मिळाले आणि दोन्ही क्लबांचे दिवस पालटले. तरीही सिटीचे उदाहरण केवळ तिजोरीचे नाही. त्या क्लबने २०१२ मध्ये बार्सिलोना क्लबात काम केलेले फेरान सोरियानो यांना मुख्य कार्यकारी अधिकारी आणि चिकी बेगिरिस्ताइन यांना फुटबॉल संचालक, म्हणजे खेळाडूंची निवड आणि खरेदी पाहणारे अधिकारी, म्हणून आणले. खेळाडूंची निवड एका ठरावीक शैलीला धरून होऊ लागली आणि त्यानंतर २०१६ मध्ये पेप गार्डिओला प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा त्यांना हवी तशी घडी आधीच बसलेली होती. २०२३ मध्ये या क्लबने एकाच हंगामात इंग्लंडची अव्वल लीग (प्रीमियर लीग), एफए कप हा देशांतर्गत करंडक आणि युरोपातील क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने या क्लबवर आर्थिक नियमभंगाचे शंभरहून अधिक आरोप ठेवले, हेही आपल्या मुलाने वाचले पाहिजे. आजच्या क्लबांना हिशेबाच्या आणि कायद्याच्या जाणकारांची गरज का भासते, ते त्यातून समजेल.

पैसा असूनही घडी विस्कटली की काय होते, हे पाहण्यासाठी त्याच शहरातला दुसरा क्लब पाहावा. मॅन्चेस्टर युनायटेड २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला. या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच माथी मारला गेला आणि तोवर कर्जमुक्त असलेला क्लब व्याज भरू लागला. प्रदीर्घ काळ प्रशिक्षक असलेले सर ॲलेक्स फर्ग्युसन होते तोवर हे दुखणे झाकले गेले. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वेळी मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले. दोन माणसांनी वर्षानुवर्षे मिळून वाहिलेला निर्णयांचा भार एकाच उन्हाळ्यात उघड्यावर पडला. त्यानंतर प्रशिक्षक बदलत गेले. प्रत्येकाची खेळण्याची रीत वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळे खेळाडू घेतले गेले आणि पुढच्याला ते नकोसे झाले. क्लबने फुटबॉल संचालक हे पद प्रथम भरले ते २०२१ मध्ये, म्हणजे फर्ग्युसन गेल्यानंतर आठ वर्षांनी. खर्च अफाट झाला, पण २०१३ नंतरच्या संपूर्ण दशकात लीगचे एकही विजेतेपद मिळाले नाही. पगारी माणसाचा वाटा किती, या आपल्या प्रश्नाचे माझ्या मते याहून स्पष्ट उत्तर नाही.

याच्या उलट उदाहरण ब्रेंटफर्डचे, आणि ते मी प्रत्येक विद्यार्थ्याला सविस्तर वाचायला सांगतो. पश्चिम लंडनमधला हा लहानसा क्लब. त्याचे मालक मॅथ्यू बेनहॅम आकडेशास्त्राच्या आधारे पैजांचे अंदाज बांधण्याच्या व्यवसायातून पुढे आलेले आणि लहानपणापासून याच क्लबचे पाठीराखे. श्रीमंत क्लबांशी पगारात स्पर्धा करता येणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि इतरांच्या नजरेतून सुटलेले खेळाडू आकडेवारीच्या मदतीने शोधणे, त्यांना घडवणे आणि योग्य किंमत आल्यावर विकणे, हा क्रम बसवला. २०१७ मध्ये खालच्या श्रेणीतील एक्सेटर सिटीकडून सुमारे १८ लाख पौंडांना घेतलेला ऑली वॉटकिन्स तीन वर्षांनी ॲस्टन व्हिलाला सुमारे २ कोटी ८० लाख पौंडांना विकला गेला. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१८ मधला प्रसंग. मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या क्लबकडे गेले, त्यांच्या जागी सहायक असलेले थॉमस फ्रँक यांना नेमले आणि पहिल्या दहा सामन्यांपैकी आठ सामने संघ हरला. बहुतेक क्लबांत एवढ्यावर माणूस घरी गेला असता. येथे मालक आणि फुटबॉल संचालकांनी निकालांपलीकडे जाऊन संघाने किती चांगल्या संधी निर्माण केल्या आणि प्रतिस्पर्ध्याला किती दिल्या, याचे आकडे तपासले आणि प्रशिक्षकाला कायम ठेवले. तोच क्लब २०२१ मध्ये ७४ वर्षांनंतर इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत परतला. आपण कारखान्यात आहात, म्हणून हे आपल्याला चटकन पटेल : भांडवल मालकाचे असते, पण कोणत्या मशीनवर कोणता ऑपरेटर उभा करायचा हे रोज सकाळी मालकच ठरवू लागला, तर उत्पादन बिघडल्याशिवाय राहत नाही.

मालकी एकाच व्यक्तीची असावी लागते, असेही नाही. जर्मनीत १९९८ पासून असलेल्या नियमानुसार क्लबमधील बहुमताचा मताधिकार, काही अपवाद वगळता, सभासदांच्या संस्थेकडेच राहतो. आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार यांसारखे तालमी-मंडळांचे संघ पेठेच्या जिव्हाळ्यावर उभे आहेत. मात्र सभासदांची मालकी म्हणजे आपोआप शहाणा कारभार, असे समजू नये. सभासदांच्याच मालकीच्या बार्सिलोनावर २०२१ मध्ये एक अब्ज युरोंहून अधिक कर्ज होते आणि लिओनेल मेस्सीला नव्या करारावर नोंदवून घेणे त्या क्लबला जमले नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि येथे मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. आपली भीती खरी आहे. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल स्पर्धेचा संघ २०१४ मध्ये सुरू झाला आणि आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये बंद पडला. त्याची लीगमधील जागा हैदराबाद एफसीने घेतली. मानोलो मार्केझ या प्रशिक्षकाच्या हाताखाली हैदराबादने २०२१-२२ चा करंडक जिंकला. त्यानंतर दोनच वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले आणि संघ गुणतक्त्याच्या तळाशी गेला. २०२५ मध्ये हा क्लब नवे नाव घेऊन दिल्लीला हलला. विजेता संघ असूनही तो शहरात टिकला नाही, कारण मैदानातील व्यवस्था चांगली होती, पण तिच्या मागची आर्थिक मालकी डळमळीत होती. कोलकात्यात ईस्ट बंगालने २०१८ ते २०२२ या काळात तीन गुंतवणूकदार पाहिले आणि २०२१-२२ मध्ये तो लीगमध्ये शेवटचा आला. त्याच शहरातील मोहन बागानने २०२० पासून एकाच उद्योगसमूहाची साथ ठेवली आणि २०२४-२५ मध्ये लीग शील्ड (गुणतक्त्यात अव्वल राहिल्याचा मान) आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही जिंकले. २०२५ मध्ये तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा करार संपत आला असताना त्याचे नूतनीकरण झाले नाही, हंगाम लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी कर्मचाऱ्यांचे पगारही थांबवले. त्यात पगाराविना राहिलेल्यांमध्ये आपल्या मुलासारखीच, या खेळावर जीव असलेली तरुण मुले होती, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझा सल्ला असा की, मुलाने या क्षेत्रात जरूर जावे, परंतु क्लब बुडाला तरी ज्याची बाजारात किंमत राहील असे एक कौशल्य हातात घेऊन जावे. सुदैवाने तो वाणिज्य शाखेत आहे. आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवाना पद्धतीत क्लबला क्रीडा, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदा आणि वित्त अशा पाच निकषांवर तपासले जाते. भारतातील अव्वल क्लबांनाही यातून जावे लागते. लेखापरीक्षित ताळेबंद, खेळाडूंची थकबाकी नसल्याचे पुरावे, करारांच्या प्रती हे सर्व वेळेत सादर करणारा माणूस प्रत्येक क्लबला लागतो आणि असा माणूस सहज मिळत नाही. त्याने पदवी पूर्ण करावी, सोबत सीए किंवा सीएमएची (कॉस्ट अकाउंटंट) तयारी सुरू करावी. आकडेवारीची गोडी असेल तर संगणकावर माहितीचे विश्लेषण शिकावे. हिशेबाची ही समज कोणत्याही कंपनीत चालते, त्यामुळे मालकाने हात काढला तरी घर चालू राहते.

अनुभवासाठी आत्ताच मुंबईला जाण्याची गरज नाही. नाशिकमधील शालेय आणि जिल्हा पातळीवरील स्पर्धांच्या आयोजकांना मनुष्यबळ नेहमीच कमी पडते. मैदानाची परवानगी, पंचांचे मानधन, रुग्णवाहिका, खेळाडूंची भारतीय महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीवरील नोंद, प्रायोजकाला द्यायचा हिशेब ही कामे त्याने एका स्पर्धेपुरती तरी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळावीत. स्पर्धा संपल्यावर जमाखर्चाचे पत्रक स्वतः तयार करून आयोजकांपुढे ठेवावे. पुढे मुलाखतीत हे पत्रक दाखवता आले, तर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा त्याचे वजन अधिक पडेल.

अभ्यासक्रमासाठी यंदा कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवीनंतरही ओढ तितकीच राहिली, तर पुण्यातील सिम्बायोसिसच्या क्रीडा विज्ञान विद्याशाखेसारखे पर्याय आहेत. काही वर्षांच्या कामानंतर लेस्टर, मिलान आणि नॉशातेल या तीन ठिकाणी शिकवल्या जाणाऱ्या फिफा मास्टरचाही विचार करता येईल. संबंधित मुंबईच्या संस्थेला आपण स्वतः एक प्रश्न लेखी विचारावा : गेल्या तीन तुकड्यांतील किती विद्यार्थी आज क्लब, लीग किंवा संघटनेत पगारी नोकरीवर आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाशी बोलता येईल? उत्तर टाळले गेले, तर प्रवेश घेऊ नये. आणि पुढे कधी क्लबकडून नोकरीचे पत्र आले, तर सही करण्यापूर्वी त्या क्लबच्या मालक कंपनीची अलीकडची वार्षिक विवरणपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून मुलाने काढावीत आणि आपण दोघांनी मिळून ती वाचावीत.