सलॉन भरला की भरलं?

प्रश्न असा आलाय: "आमचा ग्रुप दर महिन्याला संस्कृती, राजकारण, नैतिक प्रश्न वगैरेंवर 'इंटेलेक्च्युअल सलॉन' घेतो. निमंत्रणात 'सलॉन भरला' लिहायचं की 'भरलं'? आणि केस कापायच्या सलूनशी याचा काही संबंध आहे का?"

संबंध कसला, तोच शब्द आहे. फ्रेंच सलाँ इंग्रजीत गेला, सलून झाला आणि तिथून आपल्या नाक्यावरच्या 'हेअर कटिंग सलून'च्या पाटीवर येऊन बसला. त्यामुळे कोणी तोंडाचा चंबू करून 'सलाँऽ' म्हटलं की मला गळ्याभोवती पांढरं कापडच दिसतं. मूळ इटालियन, साला म्हणजे दालन आणि त्याला 'ओने' लावला की मोठं दालन, सालोने. हाच 'ओने' बलूनमध्ये आहे (मोठा बॉल) आणि कार्टूनमध्येही (मोठा, जाड कागद, ज्यावर चित्रकार आधी कच्चं रेखाटन करायचे). म्हणजे सलून, बलून, कार्टून ही सख्खी भावंडं, नुसतं यमक नाही.

इथे कमेंटमध्ये एक जाणकार दर वेळी येऊन 'साला म्हणजे आपली शाला, सगळं संस्कृतातूनच गेलंय' असं ठोकून देतात, आणि खाली पंचवीस जण हात जोडतात. नाही हो. साला मुळात जर्मानिक घराण्यातला, जर्मनमधला 'झाल' (दालन) तोच आणि रशियनमधलं सेलो म्हणजे गाव हे त्याचं नातेवाईक. शाला दुसऱ्याच मुळातून येते, झाकणं-आच्छादणं या अर्थाच्या, आणि त्या मुळाची इंग्रजी संतती कुठली माहितीये? हॉल! तुमच्या वन बीएचकेतला हॉल हा शाळेचा चुलतभाऊ आहे. नातं जुळवायचंच होतं तर हे जुळवायचं, शेजारच्या घरात घुसायची गरज नव्हती.

पण खरी गंमत पुढेच आहे. पॅरिसमधल्या ज्या बायकांच्या नावावर घरी माणसं जमवून गप्पा रंगवायची ही सगळी परंपरा जमा आहे त्यांच्या हयातीत अशा जमावाला कोणी सलाँ म्हणतच नव्हतं, तो अर्थ अठराव्या शतकाच्या शेवटाशेवटाला रुळला. सतराव्या शतकात मार्कीझ द रांबुये या सरदारणीच्या घरी लेखक-कवी जमायचे ते तिच्या निळ्या खोलीत (तेव्हा खोल्या लाल नाहीतर तपकिरी असायच्या, त्यामुळे निळीची केवढी चर्चा). तिला तब्येतीमुळे शेकोटीची धग सोसायची नाही, म्हणून ती पलंगावरूनच पाहुण्यांशी बोलायची आणि पाहुणे पलंग आणि भिंत यांच्या मधल्या जागेत बसायचे. त्या जागेचं नाव र्‍युएल, आणि र्‍युएल म्हणजे शब्दशः बोळ! र्‍यू म्हणजे रस्ता, त्याचं छोटं रूप. पुढे त्या जमावालाच र्‍युएल म्हणायला लागले. आणि हा र्‍यू लॅटिनच्या ज्या रूगावरून आला त्याचा अर्थ सुरकुती. शनिवार पेठेतले बोळ आठवा, पटेल.

आता माझी थिअरी ऐका, ज्यांना पटत नाही त्यांनी पुढचा पॅरा सोडावा. माणसं बोलायला जमली की भाषा त्या जमावाला विषयाचं नाव देत नाही, बूड कुठे टेकलं त्याचं देते. फ्रेंचांनी बोळ दिला, खोली दिली. आपण पार, ओटा, कट्टा दिला. अरबीत मजलिस आणि जलसा दोन्ही 'बसणे' या एकाच धातूचे, म्हणजे सत्यशोधकी जलसा उभा राहून, डफावर थाप मारून झाला तरी शब्दात मांडी घालूनच बसलाय. परिषद, संसद, उपनिषद, तिन्हींत सद् म्हणजे बसणे. इंग्रजीतलं सेशनसुद्धा त्याच घराण्यातलं. आणि ग्रीक सिम्पोझियमचा अर्थ एकत्र पिणं, कोचांवर रेलून, तर मराठीत आज 'संध्याकाळी बसायचं का?'चा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. सभा माझ्या थिअरीत बसत नाही हे मला कळतं, तिला उभी राहू दे. जागेचं नाव नसेल तर वाराचं. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मादाम जॉफ्रँकडे सोमवार चित्रकारांचा, बुधवार लेखकांचा. फ्रेंच कवी मालार्मेचे मंगळवार इतके गाजले की तिथे जाणाऱ्यांना मार्दिस्त म्हणायचे, म्हणजे मंगळवारवाले. पुण्यात १९२३ साली माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे कवी रविवारी चहाला जमायचे त्यांचं रविकिरण मंडळ झालं, त्या नावातला रवि फक्त आकाशातला नसावा असं मला पहिल्यापासून वाटतं.

म्हणून सलॉनऐवजी 'विचारमंथन', 'विद्वत्संवाद', 'बौद्धिक मेळावा' असले शब्द सुचवणाऱ्यांना माझं एकच सांगणं, बैठक हा शब्द हाताशी आहे. खोली तीच, गादी-तक्क्या तोच, जमाव तोच. 'त्याला मीटिंगचा वास येतो' म्हणे. मग बैठकीच्या लावणीला कुठल्या ऑफिसचा वास येतो?

चीड येते ती वेगळ्याच कारणाने. मागे अशाच एका 'सलॉन'ला गेलो होतो. विषय होता सार्वजनिक जीवनातली नैतिकता. सत्तरेक खुर्च्या रांगेत, एक वक्ता, पन्नास मिनिटं स्लाइड्स, मग फिरता माइक आणि सूचना: 'कृपया फक्त प्रश्न विचारा, मत मांडू नका.' अहो, मग हे व्याख्यान झालं! पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालू आहे, तिला कोणी सलॉन म्हणत नाही आणि तिचं काही अडलेलं नाही. जॉफ्रँबाई स्वतः फार शिकलेल्या नव्हत्या, स्पेलिंगच्या नावाने आनंद, पण जेवायला बोलावून माणसांना एकमेकांशी बोलायला लावायच्या आणि वाद फारच तापला की एवढंच म्हणायच्या, 'व्वाला की ए ब्यँ', म्हणजे आपल्या भाषेत 'बरं, छान झालं', की विषय बंद. आमच्या नाक्यावरच्या सलूनमध्ये हेच चालतं, महापालिकेपासून युक्रेनपर्यंत, आणि मालक वस्तरा थांबवून 'मान सरळ' म्हणाला की गप्प.

हां, लिंग राहिलं. फ्रेंचमध्ये पुल्लिंगी आहे, असू दे. आपण 'सलून उघडलं', 'सलून सोमवारी बंद असतं' म्हणतो, म्हणजे मराठीने निकाल कधीच लावलाय. 'सलॉन भरलं' लिहा. बैठक लिहिलंत तर 'जमली'. आणि खुर्च्या गोल मांडा.