अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पहिल्या क्रमांकाच्या टीमपुढे आमच्या कॉलेजला काही चान्स आहे का?

आहे. पण आशा कशावर धरायची, ते आधी बघा.

५ ऑक्टोबर २०२४, नॅशव्हिल. मैदानात तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाची टीम, समोर देशातली पहिल्या क्रमांकाची अलाबामा. व्हँडरबिल्टने तिला शेवटचं हरवलं होतं १९८४ साली! निकाल लागला ४०-३५, व्हँडरबिल्टच्या बाजूने. पोरांनी गोलपोस्ट उखडला आणि खांद्यावर घेऊन थेट कंबरलँड नदीत नेऊन टाकला.

याला निव्वळ नशीब म्हणू नका. साठ मिनिटांच्या मॅचमध्ये बॉल सुमारे ४२ मिनिटं व्हँडरबिल्टकडे होता. क्वार्टरबॅक (चाल चालवणारा खेळाडू) डिएगो पाविया घाई करतच नव्हता. घड्याळ उतरू द्यायचं, मग स्नॅप घ्यायचा (बॉल हातात घेऊन चाल सुरू करायची), चार-पाच यार्ड काढायचे, थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) पुन्हा जीव वाचवायचा. अलाबामाचा ऑफेन्स (आक्रमण करणारी फळी) कितीही तगडा असला तरी बाकावर बसून टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण) कसा करणार? शिवाय सुरुवातीलाच अलाबामाचा पास अडवून व्हँडरबिल्टने थेट टचडाउन केला होता.

म्हणून तुमच्या टीमबद्दल मला एवढंच विचारायचंय: ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) टिकते का? रन गेम (बॉल घेऊन धावत पुढे जाणं) चालतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. खरी भीती चौथ्या क्वार्टरची. मोठ्या कॉलेजांची राखीव फळीही दमदार असते, आपली पोरं तोवर थकतात. तिथपर्यंत फरक एका टचडाउनच्या आत राहिला, तर सामना तुमचाही आहे.