मराठी माध्यमातून शिकलेल्याने इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी लॅटिन मूळ शब्द पाठ करावेत का?

तुम्ही विचारलंय की बाजारात मिळणारी दोनशे लॅटिन मूळ शब्दांची यादी पाठ केली तर स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीला खरंच उपयोग होतो का, की वेळ फुकट जातो. मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मूळ शब्दांचा उपयोग होतो, आणि आपल्या मुलांना तर फार होतो. पण यादी पाठ करून नाही.

यादीतली अडचण अशी की 'टेन म्हणजे धरणं', 'सेड म्हणजे जाणं' असे सुटे तुकडे डोक्यात टिकत नाहीत. त्यांना लटकायला काही नसतं. आणि गंमत म्हणजे ज्याला ते लटकवायचं ती खुंटी तुमच्याकडे सातवी-आठवीपासून आहे. उपसर्ग, धातू, प्रत्यय, तत्सम, तद्भव हे सगळं आपण मराठीच्या व्याकरणात शिकलो आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिलं. इंग्रजीतले जड शब्द नेमके त्याच पद्धतीने बनलेत.

'सर्कमस्टन्स' हा शब्द घ्या. लॅटिनमध्ये 'सर्कम' म्हणजे भोवती आणि 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. आता 'परिस्थिती' फोडा. परि म्हणजे भोवती, स्था म्हणजे उभं राहणं. जोडणी तीच. 'प्रोजेनी' म्हणजे संतती. त्यात 'प्रो' आणि 'जेन' आहेत, तर 'प्रजा'मध्ये प्र आणि जन्. 'कंजंक्शन'मधला 'जंक्ट' हा आपल्या युज् धातूचा भाऊ, आणि 'कंजंक्शन'चा अर्थ संयोग. 'इंटर' आणि अंतर, 'सुपर' आणि उपरि, नकाराचा 'इन' आणि अनुचित-अनादरमधला अन् या जोड्याही अशाच नात्यातल्या आहेत.

हे नातं कसलं, हे मात्र नीट समजून घ्या, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत सगळी इंग्रजी संस्कृतमधून निघाली असं सर्रास सांगतात. तसं नाही. कोलकात्यात 1786 साली संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही. त्यांचा उगम एखाद्या समान, कदाचित आता नष्ट झालेल्या भाषेत असावा. पुढच्या अभ्यासाने ते पक्कं झालं. म्हणजे संस्कृत आणि लॅटिन या बहिणी. आणि दिसायला सारखं ते सगळं नात्यातलं असतं असंही नाही. 'डिव्हाइन' आणि आपला देव एका घरातले, पण 'थिऑलॉजी'मधला ग्रीक 'थिओस' देवाच्याच अर्थाचा असूनही त्या घरातला नाही.

मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती उपसर्गाचं रूप बदलतं तिथे. 'इन' म्हणजे नाही, हे पाठ असतं; मग 'इलीगल', 'इम्पॉसिबल', 'इरेग्युलर' यांत तो का दिसत नाही? उत् अधिक लेख याचा उल्लेख होतो, सत् अधिक जन याचा सज्जन होतो, तेच इथे झालंय. लॅटिननेही संधी केला. हे एकदा कळलं की स्पेलिंगचा मोठा त्रास सुटतो. 'अकॉमोडेट'मध्ये दोन सी आणि दोन एम का? कारण आत दोन उपसर्ग आहेत, 'ॲड' आणि 'कॉम'. 'ॲड'मधल्या डीचा पुढच्या सीमुळे सी झाला, आणि 'कॉम'चा एम 'मोड'च्या एमला भेटला. 'अट्रॅक्ट'मधले दोन टी, 'अफेक्ट'मधले दोन एफ असेच आले.

तसंच धातूचा स्वरही बदलतो. 'फॅक्टरी', 'डिफेक्ट', 'एफिशियंट' आणि 'डिफिकल्ट' या चारही शब्दांत 'करणं' या अर्थाचा 'फाचेरे' हा एकच धातू आहे. ऐकून आश्चर्य वाटेल, पण कृती, कर्ता, कार्य आणि क्रिया एकाच कृ धातूची, हे तुम्ही कधीच मान्य केलंय.

आता मर्यादा. मूळ शब्दावरून अर्थ ओळखता येतो, असं क्लासवाले सांगतात, त्यावर विसंबू नका. संस्कृत शिकवताना हृ धातूचं उदाहरण देतात: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एक, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. इंग्रजीत 'फर' तसा आहे. त्याचाही अर्थ वाहून नेणं, आणि आपल्या भार शब्दातल्या भृ धातूचा तो नातेवाईक. पण 'प्रिफर', 'इन्फर', 'सफर', 'ऑफर', 'डिफर' यांचे अर्थ 'वाहून नेणं' यावरून कोणालाही काढता येणार नाहीत. मूळ शब्द अर्थ सांगत नाही. अर्थ कळल्यावर तो विसरू देत नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. परीक्षेत अंदाज बांधायला तो वापराल तर फसाल: 'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' लॅटिन पायाचा आणि 'पीडियाट्रिशियन'मधला ग्रीक मुलाचा; 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल.

आणखी एक. लॅटिनमधून आलेले शब्द हे इंग्रजीचे तत्सम शब्द समजा. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये गेली, आणि लॅटिनची लेक असलेल्या त्या भाषेतून हजारो शब्द इंग्रजीत शिरले. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून आणखी उचलले. म्हणून 'फ्रेल' आणि 'फ्रॅजाइल' ही एकाच लॅटिन शब्दाची दोन रूपं इंग्रजीत शेजारी नांदतात, जसे आपल्याकडे हात आणि हस्त. अग्रलेख, निकालपत्र, सरकारी अहवाल या भाषेला लॅटिन शब्द लागतात. रोजच्या बोलण्याला लागत नाहीत. आपल्या मुलांना 'पोस्टपोन' येतो आणि 'पुट ऑफ' येत नाही, 'टॉलरेट' येतो आणि 'पुट अप विथ' ऐकलं की गोंधळ होतो. इंग्रजीची ही मूळची, जर्मनच्या कुळातली (जर्मानिक) बाजू लॅटिन धातूंनी सुधारत नाही. त्याला ऐकणं आणि गोष्टी वाचणं हाच उपाय आहे.

करायचं कसं, तर इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचताना अडलेला शब्द आधी शब्दकोशात बघा, अर्थ लिहा, मग 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' या मोफत संकेतस्थळावर त्याचं मूळ बघा. वहीत प्रत्येक धातूला एक पान द्या. नवा शब्द त्या पानावर चढवताना तुम्हाला आधीच येणारा एखादा शब्द शेजारी हवाच: 'इन्स्पेक्टर' माहीत आहे म्हणून 'सर्कमस्पेक्ट' टिकतो, 'पोर्टर' माहीत आहे म्हणून 'पोर्टेबल'. जमेल तिथे मराठी जोडही लिहा, आणि ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य पूर्ण उतरवा, म्हणजे पुढे कोणतं शब्दयोगी येतं तेही लक्षात राहील. पन्नास-साठ पानांची वही माझ्या मते पुरेशी आहे. सुरुवात 'स्ता', 'फर', 'फॅक', 'कॅप' (घेणं) आणि 'स्पेक' (बघणं) या पाचांनी करा. अग्रलेख वाचत राहिलात तर ही पानं सगळ्यात आधी भरतात.